ऑल्विनच्या तीन तुळया

ऑल्विन डिरीनने मेलेल्या भावाच्या बोटीवर करवत चालवली, ही बातमी आमच्या डोव्हर गावात सकाळी पावाच्या दुकानातून निघाली आणि दुपारी धक्क्यावर पोचली तेव्हा करवतीची कुऱ्हाड झाली होती. रागाने म्हणे. दारू पिऊन म्हणे.

मी त्याची शेजारीण. आमच्यामध्ये एक कुंपण आणि माझ्या सफरचंदांच्या दोन ओळी. तिखटमीठ लावायला माझी ना नसते, पण आधी पदार्थ तरी खरा हवा! बोट भावाची नव्हती, दोघांची होती. कापल्या त्या फक्त तीन तुळया, त्याही ऑल्विनने स्वतः बसवलेल्या. आणि दारूचं म्हणाल तर त्या दिवशी त्याने चहासुद्धा घेतला नाही. मी भाजून नेलेले गोड स्कोन शेवटी त्याच्या कोंबड्यांनी खाल्ले.

ऑल्विन सुतार, धाकटा लिंडसे मेकॅनिक. एकाच घरात दोघे म्हातारे झाले. लग्न दोघांनीही केलं नाही. कारण विचारलं की लिंडसे म्हणायचा, "घरात एकच कटकट पुरते, रॉझ, आणि ती आईने मला आधीच देऊन ठेवलीय."

लॉबस्टर पकडायची एक म्हातारी बोट त्यांनी ट्रकवर घालून आणली आणि परसात टेकू लावून उभी केली. ती पुन्हा पाण्यात सोडायची, हा दोघांचा उद्योग. लाकूड ऑल्विनचं, लोखंड लिंडसेचं. लिंडसेने तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा मी तासन्‌तास कुंपणावर हनुवटी टेकून बघत होते. इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथे जुळतात तिथल्या फटीत तो कागद सरकवायचा. चारी बाजूंनी कागद सारखाच अडकायला हवा. नाही अडकला की पुन्हा पहिल्यापासून. देवघरातली मूर्तीसुद्धा कोणी इतक्या काळजीने बसवत नसेल.

मग वरचा डेक घालायची वेळ आली. लिंडसे म्हणाला, इंजिनावरच्या तीन तुळया काढता येतील अशा बोल्टवर ठेव, वर मोठं झाकण कर. ऑल्विनच्या लाकडात बोल्टची डोकी दिसणं म्हणजे नवरीच्या नाकावर मस! त्याने अखंड तुळया घातल्या, सरसाने आणि खिळ्यांनी पक्क्या केल्या आणि आत उतरायला माणसापुरतं भोक ठेवलं. झालं. बोलणं बंद. एका चुलीवर दोन किटल्या, आणि निरोप्या मी.

"रॉझ, विचार त्या माणसाला, इंजिन आजारी पडलं तर दवाखान्यात कुठून नेणार? त्या उंदराच्या बिळातून?"

"रॉझ, सांग त्याला, चांगलं बसवलेलं इंजिन आजारी पडत नाही. का स्वतःच्या हातांवर भरवसा नाही त्याचा?"

दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे असायचे. मी निरोप पोचवायचे, वाटेत थोडी फोडणीही घालायचे. पुढे केव्हातरी रेडिओवरच्या एका फुटबॉल सामन्यात दोघे एकदमच पंचाला शिव्या द्यायला लागले आणि बोलणं सुरू झालं. तुळयांचा विषय मात्र पुन्हा कोणी काढला नाही.

सफरचंदांची तोडणी चालू असताना लिंडसे गेला. सकाळी इंजिन थोडं चालवून तो धक्क्यावर गेला, तिथेच छातीत कळ आली.

आता एक बारीकशी गोष्ट. इंजिनाच्या धुराचा पाइप वर आकाशाकडे उघडा असतो. काम झालं की त्यावर रिकामा डबा पालथा घालायचा, नाहीतर पाऊस थेट इंजिनाच्या पोटात. आमच्याकडे ट्रॅक्टरवालासुद्धा हे झोपेत करतो. पण ते काम इतकं लिंडसेचं होतं, की ऑल्विनला ते काम आहे हेच ठाऊक नव्हतं. त्या सकाळी लिंडसेने डबा काढला, तो घालायला परत आला नाही. सबंध हिवाळा पाऊस पडला. ऑल्विनच्याने बोटीची शिडी चढवली नाही. आणि मी, जिच्या नजरेतून गावातलं मांजर सुटत नाही, मलाही तो उघडा पाइप दिसला नाही.

सफरचंदाची झाडं फुलली तेव्हा तो वर गेला. इंजिनाचं चाक हाताने फिरवून पाहिलं. हलेना. लाथ मारून पाहिली. डबा डेकवर उताणा पडला होता, गढूळ पाण्याने भरलेला. तो हातात घेऊन ऑल्विन किती वेळ बसून राहिला.

"राहू दे आतच," बघायला बोलावलेला डेस मेकॅनिक म्हणाला. "सगळं सुटं केलं तरी मुख्य धूड या भोकातून निघायचं नाही. एवढा देखणा डेक कशाला फोडतोस, गड्या?"

"लिंडसेच्या हातचं एवढंच उरलंय," ऑल्विन म्हणाला. "ते गंजत पडू देऊ? माझ्या लाकडापायी?"

आणि त्याने करवत घेतली. अखंड तुळया, घट्ट जोड. स्वतःचंच काम कापताना त्याला घाम फुटला. "कोणी बसवलं रे हे एवढं पक्कं?" मी म्हटलं. मग त्याने इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट सोडले. खाली बिअरच्या कॅनमधून कापलेले पातळ पत्रे निघाले, उंची केसाएवढी जुळवायला लिंडसेने घातलेले. ऑल्विनने ते पुसून शर्टाच्या खिशात टाकले. सफरचंदांची खोकी उचलायचा माझा ट्रॅक्टर मी बोटीला भिडवला, साखळी अडकवली, आणि ते धूड सावकाश वर आलं. त्याच्यावर ऑल्विनचा हात होता, आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

डेसने ते आमच्यासमोरच उघडलं. तिन्ही पिस्टन गंजून सिलिंडरच्या भिंतींना चिकटलेले, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा. याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत, तो म्हणाला. मग हात पुसत पुटपुटला, "बोटीला नांगर म्हणून चालेल." कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

त्यानंतर वाटलं, संपलं सगळं. तर आठवड्याभरात पुन्हा ठोकाठोकी. बघते तो काय, ऑल्विन नव्या तुळया बसवतोय, बोल्टवर, आणि वर चांगलं ऐसपैस झाकण. बोल्टची पितळी डोकी उन्हात चमकत होती.

माझ्या जिभेला कुठला धीर! "ऑल्विन, अरे इंजिन भंगारात गेलं. दुसरं घ्यायचं तू नाही म्हणतोस. मग इंजिनाला एवढा दरवाजा कशाला? बटाटे भरणार आहेस?"

त्याने बोल्ट पिळून घट्ट केला, आणि मान वर न करता म्हणाला, "लिंडसेने मागितलं होतं, रॉझ. इंजिनाने नाही."