चौपदरी रस्त्यावरचा विसावा

आमच्या घरात रस्त्यांचा जाणकार मी. कर्जतला यायचं म्हटलं की मामेभावापासून व्याह्यांपर्यंत सगळे मला फोन करायचे आणि मी नाक्यावरच्या हवालदाराच्या थाटात सांगायचो, इकडनं या, तिकडं वळा. चौक गावावरून येणारा रस्ता चौपदरी झाला तेव्हा तर डांबर जणू मीच अंथरलं होतं. आता गर्दी संपलीच समजा, असं बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "वाट मोठी केली की पाव्हणं बी वाढतात रं."

बाबा शनिवारी सकाळी गेले. ठाण्याहून बहीण लोकलनं निघणार होती. मीच म्हटलं, रडत रडत गर्दीत कशाला, मेहुण्यांबरोबर गाडीनं ये, दीड तासात घरी. शनिवारी अर्धी मुंबई आमच्याकडच्या फार्महाऊसांवर येते, हे जाणकाराच्या डोक्यातच आलं नाही.

चार वाजले तरी ती चौकच्या पुढे अडकलेली. आमच्यात बायका स्मशानात येत नाहीत. बाबांचा चेहरा तिला दिसायचा तो घरीच. काका सारखे उन्हाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "आता थांबता येणार नाय."

मी मडकं घेऊन पुढे झालो. नदीवर जायला हाच रस्ता, तोही तुंबलेला. गाड्यांमधून अंग चोरत तिरडी निघाली. अर्ध्या वाटेत विसाव्याला ती टेकवायची, खांदेकरी बदलायचे. विसाव्याचा उंबर रुंदीकरणात गेलाय, तरी काकांनी अंदाजानं जागा धरली आणि बाबांना दुभाजकाशेजारी डांबरावरच टेकवलं.

तेवढ्यात गाड्यांच्या फटीतून ती आली. गाडी सोडून चालत निघाली होती, चपला हातात. काकांनी बाबांच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. पाणी हवं होतं. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून बाटली दिली. बहिणीनं ओंजळीतून थेंब थेंब बाबांच्या ओठांवर सोडले. मागं कुणीतरी हॉर्न दिला. त्याला काय माहीत.

मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दादा, तू सांगितलंस म्हणून गाडीनं आले रे."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

काका म्हणाले, "उचला रं." मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. तिला पुढं येता येत नव्हतं, आणि मेहुण्यांची गाडी अजून दोन किलोमीटर मागंच होती.