गाडीला बिघडण्याची शेवटची संधी

रविवारी सकाळी सातला मी आणि कुसुम धरमपेठेतल्या घरून मोटारसायकलवर रामटेकला निघालो. शेजाऱ्यांना आम्ही देवदर्शनाला जातो असं सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. गाडीला बिघडण्याची एक शेवटची संधी द्यायची होती.

गाडी घेऊन सहा महिने होत आले होते आणि कंपनीची गॅरंटी मंगळवारी संपत होती. सदरमधल्या दुकानदाराचं पत्र आलं होतं की सोमवारी पाचपर्यंत पावणेचारशे रुपये भरले तर आणखी एका वर्षाची वाढीव गॅरंटी मिळेल. पैसे घरात होते. पण ते कुसुमच्या पितळी डब्यात होते आणि पचमढीसाठी ठेवलेले होते. आमच्या बावीस वर्षांच्या संसारात पचमढी मी तिला तीन वेळा कबूल केली होती. एकदा मुलीची परीक्षा आली, एकदा माझं पोट बिघडलं आणि तिसऱ्यांदा ही गाडी आली.

मी पाटबंधारे खात्यात अंदाजपत्रकं तपासतो. पुराव्याशिवाय काही मान्य करायचं नाही, हे तिथे अंगात मुरतं. म्हणून मी तोडगा काढला. रामटेकला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात. तेवढ्यात गाडी बिघडली तर पैसे सदरला, न बिघडता घरी आली तर पचमढीला. गाडीला कुणी मदत करायची नाही आणि अडवायचीही नाही, ही अट माझी. कुसुमने ती इतक्या सहज कबूल केली की मला तिथेच शंका यायला हवी होती.

कामठी मागे टाकून कन्हानला पोचलो तेव्हा नदीवर धुकं होतं. पूल ओलांडून एका टपरीवर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घेतले. उतरल्याबरोबर मी इंजिन बंद केलं आणि डाव्या हाताने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला. ही माझी शिस्त. दोन मिनिटं थांबायचं असलं तरी कॉक बंद, म्हणजे थेंबही वाया जात नाही. निघताना तो उघडायचा. कुसुम पोहे खाता खाता हे पाहत होती. तर्रीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, ती मात्र दुसरी वाटी मागून मोकळी झाली. तिचं माहेर याच बाजूचं.

मनसरच्या पुढे रामटेकचा डोंगर दिसू लागला. धान निघालं होतं, बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांमध्ये) नुसते खुंट उभे होते आणि तणसाचे (पेंढ्याचे) ढीग उन्हात पिवळे दिसत होते. गाडी सुतासारखी चालली होती आणि माझी बेचैनी वाढत होती. खरं सांगायचं तर मी खड्डे चुकवणं बंद केलं होतं. दोन-तीन खड्ड्यांनंतर मागून आवाज आला की अट गाडीची आहे, माझ्या कमरेची नाही.

पायऱ्या चढून वर गेलो. माकडांनी कुसुमच्या पिशवीची झडती घेतली आणि माझ्या चष्म्यात काही खाण्यासारखं नाही याची खात्री करून मला सोडलं. वरून अंबाळा तलावाचं पाणी आणि लांबवर खिंडसीचा तलाव चकाकत होता. मंदिरात कुसुम नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली. काय मागितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, गाडीचं आरोग्य. ही मदत झाली, अटीत बसत नाही, असं मी बजावलं. ती म्हणाली की देवाने तुमच्या अटीवर सही केलेली नाही. झाडाखाली बसून भाकरी-झुणका खाल्ला, रामटेकचं पान खाल्लं आणि परत फिरलो.

मनसरला रस्त्याच्या कडेला शिंगाडे विकायला होते. कुसुमने थांबायला सांगितलं. किलोभर घेतले, भावावरून थोडी हुज्जत झाली आणि निघालो. मैलभर गेलो असू, गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि चक्क बंद पडली.

वाचकांपासून काय लपवायचं? मला आनंद झाला. दहा किका मारल्या, हूं की चूं नाही. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, पाहा, यालाच म्हणतात दूरदृष्टी. कुसुम शिंगाडा सोलत होती.

समोरच एका बाभळीखाली सायकली आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची झोपडी होती. धोतराला ग्रीस पुसत तो आला आणि खाली वाकला. मी ओरडून त्याला अडवलं. इंजिनाच्या नटांवर दुकानदाराने पिवळ्या रंगाचे ठिपके दिलेले होते. बाहेरच्या माणसाने नट फिरवला की ठिपका फुटतो आणि गॅरंटी जाते.

"हात नाही लावत सायेब," मिस्त्री म्हणाला. "पाहाले तं मनाई नाही ना?"

हात मागे बांधून त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग गॅरंटीवाला कुठे बसतो ते विचारलं. सदरला, चाळीस किलोमीटरवर, मी सांगितलं. तिथे गाडी कोण नेणार? मी खिशातलं गॅरंटीपत्र काढलं. गाडी स्वखर्चाने आणावी, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. ट्रकवाला किती घेईल याचा मिस्त्रीने अंदाज सांगितला आणि तो, तपासणारा म्हणून सांगतो, अगदी बरोबर असावा. माझा आनंद जरा उतरला.

मग मिस्त्रीने पैज लावली. गाडीला बोट न लावता तो ती चालू करून देईल आणि चालू झाली तर तीन चहा माझ्याकडून. मी कबूल झालो. तो कुसुमकडे वळला.

"वहिनी, तुम्हाले माहीत आहे ना?"

कुसुमने शिंगाड्याची सालं खाली टाकली, हात पदराला पुसले, माझ्या गुडघ्याशी वाकली आणि पेट्रोलचा कॉक उघडला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

शिंगाड्यांच्या हुज्जतीत मी कॉक उघडायचा विसरलो होतो. नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालली, मग थांबली. कुसुमने ते मनसरलाच पाहिलं होतं, आणि तिची नजर कुठे आहे ते मिस्त्रीने.

"मग बोलली काहून नाहीस?" मीही तिच्याच बोलीवर आलो होतो.

"मदत करायची नाही, असं तुम्हीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आणि हे कॉकचं घरी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं का? तुम्हाले पुरावा लागते. मले साक्षीदार पाहिजे होता."

चहा पिता पिता मी मुद्दा मांडला की कारण काहीही असो, गाडी बंद पडली हे खरं आहे. मिस्त्रीने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"गाडी नाही बिघडली सायेब. चालवणारा बिघडला. त्याची गॅरंटी कोणता दुकानदार देते?"

"त्याची मुदत तं कवाच संपली," कुसुम म्हणाली, आणि दोघं खूप दिवसांची ओळख असल्यासारखी हसली. मीही हसलो, पण तीन चहांचे पैसे दिल्यावर.

तरी सोमवारी साडेचारला मी पैसे घेऊन सदरला गेलोच. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, चालवणाऱ्याच्या चुकीने गाडी बंद पडली तर? ते यात येत नाही, तो म्हणाला. मग काय येतं? बाकी सगळं. मी खिशातली डायरी काढली. सहा महिन्यांत गाडी पाच वेळा बंद पडल्याची नोंद होती. कॉक बंद, पेट्रोल संपलं, कॉक बंद, चावी घरी, कॉक बंद.

"माझ्या गाडीला बाकी काही होतच नाही," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पचमढीला गेलो. छिंदवाड्यावरून, बसने. गाडीवर माझा पूर्ण विश्वास होता, पण एवढ्या लांबच्या घाटात चालवणाऱ्याचा भरवसा कोण देणार, असा प्रश्न कुसुमने विचारला आणि मी बसची तिकिटं काढून आणली. चार दिवस थंडीत हिंडलो. एका धबधब्यापाशी ती तासभर बसली होती. बावीस वर्षांत मी तिला इतका वेळ रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं. एखाद्या वस्तूची किंमत ठरवताना त्याच पैशांत दुसरं काय मिळालं असतं तेही पाहावं, हे मी कचेरीत इतरांच्या अंदाजपत्रकांवर नेहमी लिहितो. स्वतःच्या कागदावर ते पहिल्यांदाच लिहिलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरीला जायचं म्हणून अंगणात गाडीवरचं कापड काढलं. एक किक, दोन किका, आठ किका. गाडी ढिम्म. मी घाम पुसत इंजिनावरच्या पिवळ्या ठिपक्यांकडे पाहत होतो. आता ते फोडायला कुणाची हरकत नव्हती, आणि सदरचं दुकान उघडायला अजून वेळ होता.

कुसुम दारात आली. क्षणभर गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चहा ठेवू का?" तिने विचारलं.

मी खाली वाकलो आणि कॉक उघडला.