शेजाऱ्याचा पांढरा कॅन
जळक्या ऑइलचा वास आला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याचा तो पांढरा कॅन आठवतो. रविवारी आम्ही दोघंही पार्किंगमध्ये आपापल्या बाइकचं ऑइल बदलायचो. तो जुना फिल्टर उलटा ठेवून थेंबन्‌थेंब निथळवायचा, काळं ऑइल गाळून कॅनमध्ये साठवायचा आणि कॅन भरला की जुनं ऑइल विकत घेणाऱ्या गॅरेजवाल्याकडे पोचवायचा. माझे बाबा गॅलरीतून म्हणायचे, "शिक जरा त्याच्याकडून!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा ईर्षेने मीही माझं ऑइल नेलं, तर गॅरेजवाल्याने बोटांत चोळून परत केलं. "डिझेल मिसळलंय ह्यात, नाय चालणार." चेन धुतलेलं डिझेल मी त्यातच ओतलं होतं. परत आलो आणि कुणी बघत नाही असं पाहून ते सगळं शेजाऱ्याच्या कॅनमध्ये ओतलं. पुढच्या रविवारी त्याचा भरलेला कॅन तसाच परत आला. "काय रे, घेतलं नाही?" मी साळसूदपणे विचारलं. "डिझेल गेलं यार, माझंच लक्ष नसेल," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तुझंही दे ना, एकदमच नेतो." आजही माझं ऑइल तोच नेतो, आणि गॅलरीतून बाबा हात करतात तेही त्यालाच.