तिसरा दोरा

या गोष्टी मला खरंच आठवतात, की सांगून सांगून मीच त्या घडवल्या, हे आता खात्रीनं सांगवत नाही. बायको असती तर तिला विचारलं असतं. आमच्या लेकीच्या, शकूच्या ऑपरेशनबद्दल कुणी विचारलं की मी किस्सेच सांगत सुटतो. एकाला दुसरा चिकटून येतो. तेव्हाची भीती मात्र सांगता येत नाही. सांगायला गेलं की माणसं घड्याळाकडे बघतात.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी हैदराबादेत एम.ए. करून हिंगोलीच्या शाळेत मास्तर झालेलो. शकू पाच वर्षांची, काडीसारखी. अंगणभर पळाली की धापा टाकत उंबऱ्यावर बसायची.

*

आवाज पहिल्यांदा बायकोच्या हाताला लागला. शकूला न्हाऊ घालता घालता ती थांबली.

"अहो, लेकराच्या छातीत मांजर घुरघुरून राहिलंय."

मी म्हणालो, सर्दी असेल. गावच्या डॉक्टरांनी नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, याचा इलाज माझ्याकडे नाही. मुंबईला न्या. असंच ठेवलं तर पोरगी मोठी व्हायची नाही."

*

बातमी गल्लीत गेली आणि कान लावायला माणसं येऊ लागली. शकूनं दर ठरवला. एका कानाला एक बोर.

समोरचे युसूफचाचा शिंपी. त्यांनी टोपी काढून कान लावला. "मास्तर, मशीन चालून राहिली. टाका बराबर पडतोय."

मागोमाग पिठाच्या गिरणीवाला गणपत आला. "मशीन कसली, चाचा? चक्की हाय. पट्टा जरा ढिला पडलाय."

दोघांची जुंपली. शकूनं निवाडा दिला, "दोघं बी परत ऐका. बोरं मात्र पुन्हा द्यावी लागतील."

मला तेव्हा नवीनच काळजी लागली होती, की हे आपल्याकडूनच तर तिच्यात आलं नसेल? सगळे गेल्यावर मी चाचांना हळूच म्हणालो, जरा माझंही ऐका.

त्यांनी ऐकलं. "तुमच्यात काहीच वाजून नाही राहिलं, मास्तर. तुमचा सगळा आवाज वरच्या वर निघून जातो."

*

निघताना कुरुंद्याहून सासूबाईंनी हळदीची पुरचुंडी पाठवली. निरोप होता, 'चिरल्यावर आधी ही दाबायला सांगा.' मी म्हणालो, मुंबईचे डॉक्टर हसतील. बायको म्हणाली, "हसू द्या. हसणारा माणूस हात हलका ठेवतो."

मनमाडच्या अलीकडे निजामाच्या जकातीवाल्यानं सामान उघडलं. पुरचुंडी नाकाशी धरून म्हणाला, "ये क्या है?"

मी आख्खं स्पष्टीकरण सुरू केलं. रोग, इलाज, हळदीचे गुण, सगळं. तो आणखीच संशयानं बघू लागला. तेवढ्यात शकूनं त्याचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

त्यानं पुरचुंडी स्वतः बांधून परत दिली. "जाने दो. इसके अंदर तो अलग गाड़ी चल रही है."

*

मुंबईचे सर्जन सावकाश बोलणारे होते. त्यांनी कागदावर हृदय काढलं. हृदयाजवळ एक लहानशी नळी असते, ती जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी. शकूची उघडीच राहिली होती. बरगड्यांमधून आत जाऊन ती रेशमाच्या दोऱ्यानं बांधायची. असं ऑपरेशन आपल्याकडे अजून फारसं कुणी केलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी इंग्रजीत बरेच प्रश्न विचारले. एकही आठवत नाही. बायकोचा आठवतो.

"किती ठिकाणी बांधणार?"

"दोन ठिकाणी, बाई."

"काहून दोन? आमी दावणीला गाय बांधतो तर दावं ओढून बघतो. हे तर लेकरू हाय, आन् आत जाऊन कोण बघणार? तीन बांधा."

"दोन पुरतात."

"तुमाला पुरतात. मला न्हाई पुरत."

मी तिला कोपरानं ढोसलं. सर्जन हसले आणि कागदाची घडी घालून निघून गेले.

हळद मी लाजत लाजत नर्सच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अजून आहे का हो? वरणाला काय रंग आला."

*

शकूला आत नेलं आणि मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो.

"बसा की. तुमी चालल्यानं तिथं लवकर होणार हाय का?" बायको म्हणाली.

मी बसलो. मग ती उठली आणि चालू लागली.

सर्जन बाहेर आले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "तीन बांधले?"

"बांधले, बाई." ते थकलेलं हसू हसले. मला वाटलं, तिचं मन राखायला म्हणाले.

*

आम्हाला आत सोडलं. शकू झोपलेली, पांढरीफटक. बायकोनं पट्टीच्या कडेला हळूच तळहात ठेवला आणि ती खाली फरशीवरच बसली.

"अहो, बंद पडलं."

कशासाठी ऑपरेशन केलं हे मला कागदावर काढून दाखवलं होतं. तरी मीही तिच्या शेजारी खाली बसलो.

नर्स म्हणाली, "बाई, बंद पडावं म्हणूनच आणलं होतं ना तिला?"

*

हिंगोलीत परतल्यावर युसूफचाचांनी पुन्हा टोपी काढून कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"मशीन थांबली, मास्तर. कपडा शिवून झाला."

शकूनं हात पुढे केला. "बोर तरी द्या."

*

बायको गेली त्यानंतरची गोष्ट. नांदेडला एका लग्नात एक वयस्कर डॉक्टर भेटले. बोलता बोलता कळलं की त्या ऑपरेशनला ते मदतनीस होते. नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांना काही आठवेना. मी विषय सोडून दिला.

जेवताना तेच म्हणाले, "हळदीवाल्या बाई?"

मी मान हलवली. मग चाचरत विचारलं, दोरे किती बांधले होते?

"दोन बांधून झाले होते. नळी पक्की बंद झाली होती. सरांनी हात बाहेर काढला, टाके घालायला घेणार, तर थांबले. म्हणाले, अजून एक दोरा द्या, बाहेर ती बाई विचारणार आहे."