रिकामी जीप

माझ्या नवऱ्याने मला न विचारता घरात एकच मोठी वस्तू आणली, आणि तीसुद्धा ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधून. आखाडा बाळापूरच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी वरात आल्यासारखी पोरं धावली. ट्रॅक्टरमागे जे हेलकावे खात येत होतं त्याला जीप म्हणायला मोठं मन लागलं असतं. वरचं कापडी हूड नव्हतं, पुढची काच तडकलेली, तळाचा पत्रा सडून खालचा रस्ता दिसत होता. मागच्या बाकाखाली कुणाच्या तरी कोंबडीने अंडी घालून ठेवली होती. मी ओट्यावर मेथी निवडत होते. हे आता कशाला, एवढंच मी विचारलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्याच्या वडिलांकडे बघत होता.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, धरणाची कामं बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर होते. आमच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि गाडी चालवायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती. ते काठी टेकत पुढे आले, जीपभोवती एक चक्कर मारली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून उभे राहिले. ही तीच जीप होती. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी हीच चालवली होती. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, जुन्या कचेऱ्यांमधलं भंगार निघत होतं, आणि नवऱ्याला ती एका भंगारवाल्याच्या वाड्यात बाभळीखाली सापडली होती.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी जीप पाहिली, ओळखली, आणि पदर खांद्यावर ओढून घेत म्हणाल्या, "म्या ह्या गाडीत बसणार न्हाई. आताच सांगून ठिवते."

खरं तर त्यांना बसा असं कुणी म्हटलंच नव्हतं. पण या घरात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट होती, आणि ती मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षात तीनदा तरी ऐकली होती. नवरा लहान असताना एकदा तापाने फणफणला. मामा ड्युटीवर होते. आत्याबाई त्याला कडेवर घेऊन भर उन्हात कळमनुरीच्या रस्त्याला लागल्या, डॉक्टरकडे न्यायला. मागून जीप आली. तीत मामांशिवाय कुणी नव्हतं. आत्याबाईंनी हात केला. जीप जरा हळू झाली, आणि पुढे निघून गेली. मामांनी मानसुद्धा वळवली नाही. आत्याबाई तशाच धुळीतून चालत राहिल्या. पुढे एका बैलगाडीवाल्याने त्यांना बसवून घेतलं.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं ते दोनच वाक्यांचं होतं. आत्याबाई म्हणाल्या, गाडी रिकामी होती. मामा म्हणाले, रिकामी कुठं, सरकारची होती.

सरकारी गाडीत घरचं माणूस दिसलं की तक्रार जायची, आणि आमच्यातल्या माणसाची तक्रार करायला टपलेले डोळे जरा जास्तच असत. हे आत्याबाईंना समजत नव्हतं असं नाही. समजणं वेगळं आणि विसरणं वेगळं. त्यांनी मामांशी संसार केला, लेकरं वाढवली, त्यांच्या पायाला तेल चोळलं, पण जीप हा शब्द निघाला की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

मग हे धूड आणायचं तरी काहून? मी नवऱ्याला रात्री जेवताना चांगलंच फैलावर घेतलं. तो बँकेत कारकून, रांगेतल्या माणसांचं दिवसभर ऐकून घ्यायची सवय, त्यामुळे माझंही शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की लहानपणी मामा त्याला साहेबांच्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगायचे. धरणाच्या पाण्याकाठी तंबू, घडीच्या खुर्च्या, कंदील, सकाळी धुक्यात चहा. त्याला आपल्या लेकरांना तसं न्यायचं होतं. आणि मग, मीठ वाढून घेत, माझ्याकडे न बघता, "मला आईला पुढच्या सीटवर बसवून न्यायचंय," म्हणाला.

यावर काय भांडणार? मी त्याला आणखी एक भाकर वाढली.

पुढचे कितीतरी रविवार त्या जीपने खाल्ले. नांदेड रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये ती उभी असायची आणि नवरा तिच्याखाली आडवा. पेट्रोलचं जुनं इंजिन पार मेलं होतं. ते काढून डिझेलचं बसवलं. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. स्प्रिंगचे पाटे खोलले, सरळ केले, एक जास्तीचा घातला, म्हणजे सामानाच्या ओझ्याने गाडी बसायला नको. चारही चाकांना जोर देणारा जादा गेर वर्षानुवर्षं गंजून बसला होता. तो सुटला त्या दिवशी नवरा पेढे घेऊन घरी आला. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्याने पेढे दुसऱ्या दिवशी आणले होते, हे मी त्याला ऐकवलं. कपडे तर विचारूच नका. ग्रीसचे डाग काढता काढता माझ्या हाताची सालं निघाली.

मामा रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन खुर्ची टाकून बसत. बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला, रंग घासून गेलेला एक गोल डाग होता, ताटलीएवढा. हे कशानं झालं, मी एकदा विचारलं. जुनी गाडी हाय, घासणारच, म्हणाले. पुढे रंगारी आला, त्याने लांबीचा लगदा भरून सगळं गुळगुळीत केलं आणि वरून हिरवा रंग मारला. तो डाग कुठे होता तेही मग कळेना.

आमच्या दोन्ही लेकरांनीही हात धुऊन घेतले. मुलीने मागे डब्यांसाठी पत्र्याची पेटी करून घेतली, मुलाने पाण्याच्या पिंपाला तोटी लावून घेतली आणि तिचं पाणी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजलं. बाजूला ओढून बांधता येईल अशी ताडपत्री शिवून आणली. आणि पुढच्या डाव्या सीटवर नवऱ्याने सगळ्यात जास्त जीव लावला. जाड कुशन, मऊ रेक्झिन, पाठीला उशी, चढायला खाली पायरी, धरायला दांडी. सगळं आईसाठी. ती कशी झालीय बघायला त्याने मामांना बसा म्हटलं, तर ते दोन पावलं मागे सरकले. "तिथं सायब बसतेत," म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

जीप तयार झाली तेव्हा मिस्त्रीने चाकाखाली ठेवायला लिंबं काढली. आत्याबाई असलं काही चालवून घेत नाहीत. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेलं परत घरात आणायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी दारातूनच सांगितलं की लिंबं चाकाखाली चिरडण्यापेक्षा पोह्यावर पिळा. मिस्त्रीने पोहे खाल्ले. पण जीपच्या जवळ काही आत्याबाई आल्या नाहीत.

पहिली सहल इसापूर धरणाला ठरली. जानेवारीचे दिवस, तुरीच्या शेंगा भरलेल्या, थंडी अंगाला बरी वाटणारी. मी आत्याबाईंना खूप गळ घातली. लेकरांनी घातली. शेवटी त्या म्हणाल्या, मी येईन, नातवंडांसाठी येईन, पण माझी मी एसटीनं येईन. आणि खरंच तशा आल्या! आम्ही जीपमधून पुढे, त्या मागून लाल गाडीने, फाट्यावर उतरून पायी, डोक्यावर भाकरींचं गाठोडं. नवरा त्यांना आणायला फाट्यावर जीप घेऊन गेला, तर त्या रस्त्याच्या कडेने चालतायत आणि हा शेजारून पहिल्या गेरमध्ये गाडी हाकतोय, असे दोघे पाण्यापर्यंत आले. मला हसूही आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. माणसाने इतकं हट्टी असू नये. आईसाठी केलेल्या पुढच्या गादीवर मग त्याने स्टोव्ह आणि भगुनं ठेवलं होतं, सांडू नये म्हणून.

मामा येताना मागच्या बाकावर बसले होते. पुढे बसा म्हटलं तरी ऐकलं नाही.

जागा मात्र सुरेख मिळाली. पाण्याला लागून माळ, मागे पळसाची झाडं. तिथे पोचायला एक ओली घळ लागली, तेव्हा जादा गेर टाकून नवऱ्याने जीप अशी वर काढली की मुलांनी टाळ्या पिटल्या. ताडपत्री ओढली, सतरंजी अंथरली, तीन दगडांची चूल मांडली. आत्याबाईंनी वांगी भाजली, मी खर्डा कुटला, शेंगा उकडल्या. दुपार कलत आली तेव्हा सगळे सतरंजीवर गोल बसलो. मी मामांचं ताट वाढून त्यांच्या हातात दिलं.

ते ताट घेऊन उठले. जीपकडे गेले, बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला ताट ठेवलं, आणि आमच्याकडे पाठ करून उभ्याने भाकर मोडायला लागले.

लेकरांना वाटलं आजोबा रुसले. मुलगी हाक मारणार होती, मी तिचा हात दाबला. मला तो डाग आठवला. ताटलीएवढा. धरणाच्या काठी तंबू, घडीच्या खुर्च्या, साहेब लोक खुर्च्यांवर, स्वयंपाकी-शिपाई चुलीपाशी, आणि मामा तिथे, त्या गोल डागापाशी, घरून आणलेल्या डब्यासह. गोष्टी सांगताना ते तंबू सांगायचे, कंदील सांगायचे, धुकं सांगायचे. स्वतः कुठे जेवायचे ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणून तिथे की आणखी कशासाठी, हे विचारायची आमच्या घरात कुणाला गरज नव्हती. आणि आता चारी बाजूंनी आपलीच माणसं असताना, धरणाचं पाणी आणि ती जीप दिसली की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले होते. मला रडू आलं. मी चुलीतल्या धुराकडे तोंड केलं.

आत्याबाई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वतःचं ताट उचललं आणि जीपपाशी गेल्या.

"इतकी वरसं असंच खाल्लं का? उभ्यानं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

मामांनी घास गिळला. "सांगून काय भाकर गोड लागली असती?"

आत्याबाईंनी आपलं ताट बॉनेटवर मामांच्या ताटाला लावून ठेवलं, आपल्यातलं भरीत त्यांच्या ताटात सरकवलं, आणि त्याही उभ्याने जेवायला लागल्या. दोघं जेवून होईपर्यंत आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. नंतर आत्याबाईंनी पदराने बॉनेट पुसलं.

संध्याकाळची परतीची एसटी त्यांनी सोडली आणि आमच्याबरोबर मुक्कामाला राहिल्या. ताडपत्रीखाली लेकरांना कुशीत घेऊन झोपल्या आणि थंडी वाजते म्हणून मामांची शालही ओढून घेतली.

सकाळी निघताना नवऱ्याने पुढच्या सीटवरचं भगुनं उचललं, गादी हाताने झटकली आणि आईकडे बघत उभा राहिला. बँकेत मोठा ठेवीदार आल्यावर उभा राहत असेल तसाच. आत्याबाईंनी गादीकडे एकदा पाहिलं.

"भगुनं राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "म्या मागं बसते, तुज्या बापाशेजारी."

बसल्या एकदाच्या. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांपैकी एकावर ते दोघं, एकावर मी आणि लेकरं, आणि ज्या गादीवर माझ्या नवऱ्याने एवढा जीव ओतला होता तिच्यावर भगुनं. तो आरशातून पुन्हा पुन्हा मागे बघत होता. मी त्याला म्हटलं, पुढे बघ, आईला बसवलंस ते पाडायला नव्हे.

ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो. मागे बसलं की मागे पडलेलं सगळं दिसतं. मामा त्या जीपमध्ये उभा जन्म पुढे बसले होते; आता ते मागच्या उघड्या बाजूकडे तोंड वळवून बसले होते. कळमनुरीच्या रस्त्याला लागलो, ऊन चढलं. कडेने एक बाई चालत होती, कडेवर पोर, हातात पिशवी. तिने हात वगैरे काही केला नाही. आम्ही तिच्याजवळून पुढे गेलो आणि आमच्या धुळीत ती दिसेनाशी झाली, मग धूळ खाली बसली तशी पुन्हा दिसायला लागली, तोंडावर पदर धरलेली, पोराचं डोकं खांद्याशी दाबलेली.

आत्याबाई तिच्याकडे बघत होत्या. मामाही.

मामांनी जीपच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली. "थांबीव," ते म्हणाले. "मागं घे."

नवऱ्याने ब्रेक मारला, गाडी मागे घेतली. बाई बिचकून कडेला सरली. मी पुढे बस म्हटलं, तर ती गादी बघून म्हणाली, राहू द्या बाई, मी जाते चालत, ती कुण्या मोठ्या माणसाची जागा दिसते.

"कुण्णाची न्हाई," मामा म्हणाले. "रिकामी हाय."

आत्याबाईंनी मामांकडे पाहिलं. मग हात लांब करून पुढचं भगुनं मागे घेतलं आणि आपल्या मांडीवर धरलं.