अर्धं शटर

गुलमंडीतल्या त्या अस्तरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळं रोज त्याच्या दुकानात जाणं व्हायचं.

एका उन्हाळ्यात तो गावी गेला आणि आजारी पडून महिन्यानं परतला. शटर वर ढकललं, तर अर्ध्यावरच वर ते गुंडाळलं जातं त्या पत्र्याच्या डब्यातून काड्या पडल्या आणि चिवचिव ऐकू आली. चिमणीनं तिथं पिल्लं काढली होती. शटर आणखी फिरलं असतं, तर घरटं चिरडलं असतं. त्यानं हात काढून घेतला. शटर तिथंच राहिलं. दुकान बंद करता येईना, म्हणून राखणीला रात्री तो तिथंच झोपू लागला.

माझे गुडघे दुखायचे. वाकून आत शिरताना मी रोज कुरकुरायचे. तो अस्तर फाडता फाडता थांबायचा आणि बोट वर करायचा. नर-मादी आळीपाळीनं चोचीत अळ्या आणत होते.

"दाणा इनको चलता नई, ताई. अळ्याच लागतात. तुमच्या झाडावरची कीड हेच खातात."

लगीनसराई होती. एक बाई गाडीतून उतरल्या. नवरीचं सगळं कापड घ्यायचं होतं.

"आधी ते घरटं काढा, मग आत येते," त्या म्हणाल्या.

त्यानं नकारार्थी मान हलवली. बाई निघून गेल्या.

"एवढं मोठं गिऱ्हाईक घालवलंत, भाई?" मी म्हटलं.

"गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, ताई. ही पिल्लं कुठं जातील?"

पिल्लं उडाली, तसं शटर पूर्ण वर गेलं. त्या सकाळी मी सवयीनं वाकूनच आत शिरायला लागले. हसेल म्हणून त्याच्याकडं पाहिलं, तर तोही वाकूनच बाहेर येत होता.