तिकडे आपली माणसं असताना

मायाच्या दुकानाला नाव नाही. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात साड्यांच्या दोन मोठ्या दुकानांमधल्या बोळीत दोन मशिनी, एक टेबलफॅन आणि भिंतीवर टांगलेले ब्लाउज, एवढाच काय तो पसारा. पण फॉल-पिको कुठं करून मिळेल असं विचारलं, की अख्खा बाजार त्या बोळीकडे बोट दाखवतो. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई गिऱ्हाइकाला नुसती नजरेनं मोजते आणि टेप लावून पाहिला तर सहसा अर्ध्या इंचाचाही फरक निघत नाही. बोलायला फटकळ, मनानं मोकळी. शेजारणीची नवी गाडी आली तरी हिच्या पोटात दुखलं नाही, जावेनं दोन मजले चढवले तरी नाही. तिचा सगळा हेवा तिनं एकाच बाईसाठी राखून ठेवला होता, आणि ती बाई दरवर्षी तीन दिवस तिच्याच घरी मुक्कामाला असायची.

ती बाई म्हणजे जांभूळटोल्याची सिंधूताई. जांभूळटोला हे नवेगाव बांधाच्या बाजूचं, तलावाच्या काठावरचं गाव. मायाचा नवरा धम्मानंद पोस्टात लागला तेव्हा त्याची पहिली नेमणूक तिथली, आणि तो भाड्यानं राहायचा तो सिंधूच्या वडिलांच्या घरी. त्या दोघांच्या लग्नाची बोलणी झाली होती आणि मग मोडली, हे मायाला खुद्द हळदीच्या दिवशी एका आत्यानं सांगितलं. अशा गोष्टी सांगायला आत्यांना तोच दिवस सापडतो. कोणी मोडली हे आत्या बोलली नाही आणि मायानं विचारलं नाही. धम्मानंदनंच मोडली असणार, असं तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं आणि त्या आधारावर संसार केला.

पुढे सिंधूचं लग्न गावातल्याच रुपरावशी झालं. रुपराव धम्मानंदचा तिकडचा जिवाभावाचा दोस्त. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं लोटतात तेव्हा मायाच्या वस्तीतलं, इंदोऱ्यातलं, कुठलंही घर रिकामं नसतं. धम्मानंदच्या दोन खोल्यांत जांभूळटोल्याची आठ-दहा माणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन उतरायची. करोनाची दोन वर्षं सोडली तर बावीस वर्षांत यात खंड नाही. बायका आत झोपायच्या, पुरुष गच्चीवर. माया पहाटेपासून पोळ्या लाटायची, आणि धम्मानंद सिंधूताईसमोर बसून विचारायचा, "यंदा तलाव भरला का?"

मग ती सांगायची. पाणी कुठवर आलं, सांडवा कधी सुरू झाला, कमळं किती आली. हा तोंड उघडं टाकून ऐकायचा. मायाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या दुकानात काय चाललंय हे या माणसानं कधी असं विचारलं का? सिंधूताईचे केस अजून काळे, आणि तेही कलप न लावता, याचाही तिला राग यायचा. सिंधूताई त्याला "धम्मानंदभाऊ" म्हणायची. त्या "भाऊ"वर मायानं बावीस वर्षांत एकदाही विश्वास ठेवला नाही.

मागच्या वर्षी पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, रितिकानं, फोनवर फर्मान काढलं. दसऱ्याचे पाहुणे गेले की आईबाबांनी दोन दिवस कुठंतरी जायचं, दोघांनीच. "आई, तुमी दोघं कधीच कुठं नाही गेले. ऑक्टोबरात मस्त असते. तलावाकाठी राहा, फिरा, फोटो काढा." आणि तिनं चार जागांचे फोटो पाठवून दिले.

हे दिवस म्हणजे शिवणाऱ्या बाईच्या धंद्याची दिवाळी. दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलेला. तरी मायानं दोन दिवस दुकान बंद ठेवायचं ठरवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, "गावाले चालली." कोणासोबत, हे कोणी विचारलं नाही तरी ती आपणहून सांगायची, "आमी दोघंच."

जागा निवडायला दोघं मोबाइल मधे ठेवून बसले. पहिल्याच फोटोला धम्मानंदचा चेहरा उजळला.

"अवं, हे तं नवेगाव! हेच घे."

"खिंडसीचा तलाव काहून नाही?" माया म्हणाली.

"रामटेकले सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते माणूस. तिथं मुक्काम कायले?"

"पेंचकडचं पाहा. हे बोदलकसा पाहा, किती छान खोली हाय."

तो पाहायचा, छान आहे म्हणायचा आणि बोट पुन्हा नवेगाववर. धान पिवळा पडायला लागला असेल, पाखरं उतरायला लागली असतील, सकाळी पाण्यावरून धूर निघतो, असं काय काय बोलत राहिला. मायाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला पाण्याच्या काठावर काळ्या केसांची एक बाई तेवढी दिसत होती.

पण एवढ्या वर्षांनी नवरा एखाद्या गोष्टीसाठी इतका खुलला, तर नाही तरी कसं म्हणायचं? शेवटी तिनं दोन अटी घातल्या. राहायचं हॉटेलात. आणि जांभूळटोल्याला कळू द्यायचं नाही.

"पक्का वादा," धम्मानंद म्हणाला. रितिकानं पुण्याहून खोली बुक केली. तलावाकडे तोंड करून बाल्कनी होती. मायानं स्वतःसाठी नवा ब्लाउज शिवला, पाठीला नाडी आणि लटकन. असला ब्लाउज तिनं आजवर फक्त दुसऱ्यांसाठी शिवला होता.

आणि निघायच्या दोन दिवस आधी या माणसानं घाण केली. आपल्याकडे एक खोड आहे. कुठंही जायचं म्हटलं की "तिकडे आपलं कोण हाय?" हा प्रश्न आधी. डॉक्टर असो, प्लॉट असो की लॉज, आपल्या माणसाला विचारल्याशिवाय मन राजी होत नाही. धम्मानंदनं हॉटेल बरं आहे की नाही हे विचारायला फोन केला, तो रुपरावला. दोस्तालाच, त्याच्याच गावाजवळचं हॉटेल कसं आहे म्हणून विचारलं! शहाण्याला वाटलं, मी कोणासाठी विचारतोय हे त्याला कळणार नाही.

"हॉटेल?" रुपराव फोनवर ओरडला, तो मायाला स्वयंपाकघरात ऐकू आला. "बावीस वर्सं तुमच्या घरचं खाऊन राहिलो गा आमी. अन् तुमी आमच्या बाजूले येऊन हॉटेलात झोपान? गाववाले माह्या तोंडावर थुंकतीन."

खोली रद्द झाली. माया त्या दिवशी जेवली नाही. धम्मानंद म्हणाला, "आता त्याइले नाही कसं म्हणू? आपली माणसं होत ते." माया म्हणाली, "तुमची," आणि उठून गेली.

शनिवारी जुनी ऑल्टो जांभूळटोल्यात शिरली तेव्हा अंगणात वीस माणसं उभी होती. पाय धुवायला गरम पाणी, बसायला नवी चादर, मग चहा, मग पुन्हा चहा. सिंधूताईनं बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या मच्छीचा रस्सा केला होता आणि तो इतका चांगला झाला होता की मायाला रडू आलं. तलाव घराच्या मागेच होता. तिकडेही ते दोघं गेले, पण सोबत रुपराव, त्याचे दोन भाऊ, सरपंचाचा सासरा आणि पोरासोरांचं लटांबर. रात्रीची व्यवस्था बावीस वर्षं इंदोऱ्यात व्हायची तीच झाली, बायका आत आणि पुरुष अंगणात खाटांवर. माया सिंधूताई आणि तिची सासू यांच्या मधे झोपली. नाडीचा ब्लाउज पिशवीतच राहिला.

रविवारी सकाळी सिंधूताई तिला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर घेऊन गेली. दोघीच होत्या. खरंच पाण्यावरून धूर निघत होता. पलीकडे पिवळा पडत चाललेला धान, काठावर बगळे. मायाला ते सुंदर दिसलं आणि त्याचाही राग आला.

"तुमच्या भावाले लय याद येते इथची," ती टोचून म्हणाली.

"येणारच," सिंधूताई हसली. "लय जीव होता त्याइचा. माह्या बाबाले तं पसंतच होते. म्याच नाही म्हटलं."

मायाचं पाऊल थांबलं. "तुमी नाही म्हटलं?"

"मंग? नागपूरले दोन खोल्यांत कोण राहाते, वहिनी? मले हे पाणी सोडून जाचं नव्हतं. महिनाभर रुसून होते भाऊ. मंग तुमचं जमलं, बरं झालं." एवढं सहज बोलून सिंधूताईनं वाकून पाण्याकाठची भाजी खुडायला घेतली.

माया पाळीवरून घरापर्यंत कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. बावीस वर्षं आपण एका हरलेल्या बाईवर जळतोय अशी तिची समजूत होती, आणि त्यात थोडंसं समाधानही होतं. आता तेही गेलं. ती हरली नव्हती. तिनं नको म्हणून सोडलेला माणूस हिच्या वाट्याला आला होता, आणि हिनं तो जिंकल्यासारखा मिरवला होता.

धम्मानंद गाडीच्या काचेवरची धूळ पुसत होता. मायानं त्याला तिथंच गाठलं.

"बोलणी कोणी मोडली होती?"

तो चपापला. पण खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही. "तिनं."

"आन् तिनं हो म्हटलं असतं तं?"

इथं कुठलाही शहाणा नवरा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतो. हा विचार करत बसला. मग म्हणाला, "तं तिच्यासंग लगन झालं असतं."

मायाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी दुकान बंद करून आली," ती म्हणाली. "आयुष्यात पयल्यांदा दोन दिवस मागतले म्या तुमच्यापाशी. ते बी तुमी इच्याच घरी आणून टाकले. राहा तुमी इथं. मी बसनं चालली."

फडकं बॉनेटवर टाकून धम्मानंद अंगणात गेला. माया दारामागे उभी राहिली. अंगणात जेवणाची पंगत मांडायला घेतली होती. रुपराव, त्याचे भाऊ, सरपंचाचा सासरा, सगळे बसलेले.

"रुपराव, आमी निघतो," धम्मानंद म्हणाला. "हॉटेलात चाललो. सोमवारची सुट्टी टाकतो."

रुपरावच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. "काहून गा? काही चुकलं का आमचं?"

"तुमचं काही नाही चुकलं. माहं चुकलं." त्याचे कान लाल झाले होते. बावन्न वर्षांचा, चष्म्याचा, पोस्टातला बाबू माणूस. "मले माह्या बायकोसंग राहाचं हाय. दोघंच. आमी त्याच्यासाठी आलो होतो."

एवढ्या माणसांत असं कोणी बोलतं का? सरपंचाचा सासरा खोकायला लागला. सिंधूताईच्या सासूनं तोंडाला पदर लावला. रुपरावचे डोळे भरून आले. "बावीस वर्सं तुमच्या घरी..." एवढंच तो म्हणाला, आणि उठून गोठ्याकडे निघून गेला. धम्मानंद त्याच्यामागे दोन पावलं गेला, थांबला आणि परत आला. पुढच्या दसऱ्याला आपल्या घरी कोणी येईल की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं मायाची पिशवी उचलली.

माया गाडीत जाऊन बसली. तिला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी आतून इतकं बरं वाटत होतं की तिला वर बघवेना. सिंधूताई स्टीलचा डबा घेऊन खिडकीशी आली. आता ही काहीतरी लागेल असं बोलणार, म्हणून मायानं मन घट्ट केलं.

"मच्छी हाय. हॉटेलात गरम करून मागजा," सिंधूताई म्हणाली. डबा दिला तरी तिनं हात खिडकीतून काढला नाही. "वहिनी, तलाव घराच्या मांगं हाय. लगनाले एवढी वर्सं झाली, आमच्या याइनं मले एकडाव बी म्हटलं नाही, चाल, तिथं जाऊन बसू. अन् हे भाऊ आज पंगतीत असं बोलून गेले." "खरं सांगू का? मले आज तुमची लय जलन होऊन राहिली."

यावर काय बोलायचं हे मायाला माहीत होतं. असं काही नाही वं, तुमचं बरं चाललंय की, असं एखादी भली बाई म्हणाली असती. ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आलेही होते.

"होऊ द्या थोडी," माया म्हणाली. "मले बावीस वर्सांपासून होऊन राहिली. तुमची."

सिंधूताईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीला वळसा घालून येणाऱ्या धम्मानंदकडे, मग पुन्हा तिच्याकडे. दरवर्षी तीन दिवस आपल्याला पोळ्या वाढणारी ही बाई तिला जणू आज पहिल्यांदा दिसली. धम्मानंदनं गाडी सुरू केली, तरी तिचा हात खिडकीत तसाच होता.